बॉल वर ठेवणारा हरेशदादा

हरेशदादा,

मी तुला सगळ्यात जास्त वेळ उलटं बघितलंय. डोकं खाली, पाय वर जमिनीला चिकटलेले आणि दोन्ही हात पुढे. मी वाकून बॉलवर पंजे ठेवायचो, स्वतःच्याच पायांमधून मागे बघायचो, आणि पंधरा पावलांवर तू दिसायचास. बोटं हलवायचास. ती हलली की मी बॉल सोडायचो. मग धावायचो पुढे, म्हणजे तुझी लाथ मला कधी दिसलीच नाही. फक्त आवाज यायचा, ओल्या कपड्यावर धोपटणं बसल्यासारखा. तू गेल्याचं कळलं तेव्हा माझ्यासमोर जो तू आलास तो तसाच आलास. उलटा, बोटं हलवणारा.

कसा गेलास ते लिहीत नाही. जासईच्या कंटेनर यार्डात कामावर चढताना कंटेनर उचलायच्या मशीनच्या शिडीवर बसलास आणि उठला नाहीस, एवढं सगळे सांगतात. त्यापुढचं मला ऐकवत नाही.

दहाव्याला तुझ्या श्रेयाने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिच्याशी खोटं बोललो. तुझ्याबद्दल बोललो, तुझ्याच दहाव्याला. तेव्हापासून जेवण उतरत नाहीये. म्हणून हे लिहितोय. माझं शिक्षण तुला माहीत आहे, चुका असतील.

तुला आठवतं, आपण भेटलो कसे? मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात टोळीत काम करायचो. बाइंडिंग वायरची बंडलं उतरवताना आमची एक पद्धत होती. मागे वळायचं नाही, वळण्यात वेळ जातो. वाकायचं, बंडल धरायचं आणि दोन पायांमधून मागे भिरकवायचं. मागचा झेलतो, तो त्याच्या मागच्याला देतो. सगळेच तसं करायचे, पण माझं बंडल बरोबर मागच्याच्या पोटाशी जायचं. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तू तेव्हा ट्रेलर चालवायचास. केबिनच्या पायरीवर बसून चहा पीत होतास, आणि एकदम ओरडलास,

"ए, परत टाक!"

मी घाबरलो. मला वाटलं माल आपटला म्हणून तक्रार होणार. म्हटलं, "शेठला सांगू नका."

"मी शेठ दिसतोय तुला? ही चप्पल बघ माजी. परत टाक बोल्लो ना."

मी टाकलं. तू चहाचा ग्लास पायरीवर ठेवलास, केबिनमध्ये गेलास आणि एक लांबोडका, दोन्हीकडून टोकदार बॉल घेऊन आलास.

"आता ह्यो टाक."

"हे काय आहे? पपई?"

"पपईच समज. पन माज्या पोटात मार."

पहिला बॉल ट्रकखाली गेला, दुसरा मुकादमाच्या सायकलवर. तिसरा तुझ्या पोटात. तू दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे असा बघत राहिलास, जणू घरचं पत्र आलं आहे. मग मला विचारलंस, "नाव काय तुजं?"

"बालाजी."

"बालाजी, उद्यापासून ह्या टोळीत नाय तू. माज्या टोळीत."

तुझी टोळी म्हणजे ती लीग. आता कुणाला सांगितलं तर लोकांना थाप वाटते. आपल्याकडे, भारतात, अमेरिकन फुटबॉलची पैसे देणारी लीग! पण होती. दोन हंगाम चालली आणि बंद पडली. अमेरिकेहून कोच आले होते, हेल्मेटं आली होती, खांद्यावर बांधायचं ते कासवासारखं चिलखत आलं होतं. तू तिथे निवडला गेलास तोही योगायोगच. मैदानावरच्या गोलच्या खांबांचे पाइप पोचवायला तू ट्रेलर घेऊन गेला होतास. कुणाचा तरी बॉल घरंगळत तुझ्याकडे आला. तू तो हातात घेतलास आणि चपलेसकट डाव्या पायाने परत पाठवलास. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीबाहेर गेला आणि चप्पल त्याच्या मागे. कोच धावत आले. तुला वाटलं भांडायला येतात. तू म्हणे ट्रेलरमध्ये चढून काच वर केलीस. हे तू मला शंभर वेळा सांगितलंस आणि शंभर वेळा काच वर करून दाखवलीस.

तुझं काम काय, हे तू उलव्याच्या नाक्यावर चहा पिताना तुझ्या गाववाल्यांना समजवायचास. तिथले म्हातारे मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचे.

"चार डाव मिलतात, काका. चार डावांत धा यार्ड पुढं जायचं. तीन डावांत नाय जमला तं चौथ्याला मना बोलावतात."

"म्हंजे टीम फसली का तू."

"हो."

"मंग तू काय करतंस?"

"बॉल समोरच्यांना देतो. लाथ मारून."

"फुकट?"

"फुकट नाय काका, लांब नेऊन देतो. त्यांना पार मागनं सुरुवात करायला लागते."

"आनि हे करायला तुला ठेवलाय? हे तं आमचा सरपंच पन करतो!"

सगळा नाका हसायचा. तूही हसायचास. मी नाही हसायचो. मला राग यायचा. आपलं यावरून केवढं भांडण व्हायचं, आठवतंय? मी म्हणायचो, दादा, आपलं काम मानाचं नाही. गोल करणाऱ्याला सगळे खांद्यावर घेतात, आपण मैदानात आलो की लोक वडापाव आणायला उठतात. आपण आलो म्हणजे काहीतरी बिघडलंय. तू म्हणायचास, "बिघडलंय तवाच मानूस लागतो ना रं. चांगला चाललाय तवा कोन बी उभा राहील." मी म्हणायचो, हे बोलायला ठीक आहे. तू म्हणायचास, तू आधी दहावी हो, मग माझ्याशी भांड.

ते दहावीचंही राहिलं. सतरा नंबरचा फॉर्म तू तीन वर्षं आणलास. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा तो फॉर्म. तिन्ही वेळा मी तो गादीखाली ठेवला आणि तारीख जाऊ दिली. तुला सांगितलं कागद हरवले. कागद हरवले नव्हते. मला भीती वाटायची. नापास झालो तर तुझ्याकडे जेवायला कसा येऊ, ही भीती. हे ऐकून तू हसला असतास आणि एक शिवी दिली असतीस, म्हणून सांगितलं नाही.

जेवायला मी तुझ्याकडे किती आलो, याला मोजमाप नाही. मला मासे खाता येत नव्हते, नव्या नवरीसारखा काटे बाजूला करत बसायचो. वहिनी म्हणायच्या, "ह्याला शेंगदान्याची चटनी द्या, ह्यो आपल्यातला नाय." सहा महिन्यांनी मीच सुकट मागून घ्यायला लागलो. थंडीत तुझ्या वाडीच्या पाठीमागे तू पोपटी लावायचास. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वर तो कडू वासाचा भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. पहिल्या वर्षी मी विचारलं, पाणी कधी घालायचं? तुझे सगळे भाऊबंद माझ्याकडे बघायला लागले. तू म्हणालास, "हसू नका रं, तिकरं मराठवाड्यात पहिला पान्याचाच इचार करतात." घर सोडल्यापासून माझ्या मुलखाचं नाव कुणीतरी प्रेमाने घेतलं ते तेव्हा.

सरावाचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात, सामने नाहीत. उलव्यात, आता विमानतळ झालाय त्या बाजूला, तेव्हा नुसता भराव होता. खाडीत माती टाकून सपाट केलेलं मैदान, गवत नाही, झाड नाही, कुठे कुठे मीठ फुटलेलं. लीगचं मैदान सकाळी मिळायचं, दुपारनंतर आपण दोघं या भरावावर. तू तासभर लाथच मारायचा नाहीस. नुसता बॉल हातातून सोडायचास. डाव्या हातातून सरळ, आडवा, न डगमगता खाली पडला पाहिजे. "सोडनं जमलं का लाथ आपोआप जमते," म्हणायचास. घरी गच्चीवरही तेच. खालून वहिनींचा आवाज यायचा, "वर नारल पारताय का?"

आणि वारा. खाडीवरून वारा फिरला की तू काही न बघता मला सांगायचास, आता डावीकडे सरकून दे. तुझ्या आजोबांची मिठागरं होती, वारा तुमच्या घरात भाकरीसारखा होता. मला तो शेवटपर्यंत कळला नाही.

एकदा तू अशी लाथ मारलीस की बॉल बांधकामाच्या तिसऱ्या मजल्यावर गेला. आपण वर गेलो तर तिथल्या मिस्त्रीने तो ओल्या स्लॅबमधून काढून धुऊन ठेवला होता. म्हणाला, "साहब, ये क्या है, कोई मशीन का पार्ट है क्या?" तू म्हणालास, "हां, मेरा है." आता त्या अख्ख्या भरावावर इमारती आहेत. मी गेल्या आठवड्यात तिथून चालत गेलो आणि कुठे उभा राहायचो, कुठे वाकायचो, ते शोधत होतो. एका सोसायटीच्या गेटपाशी वाटलं, इथेच. वॉचमनने विचारलं, कुणाकडे जायचंय?

तुझा एक शब्द होता, मुक्काम. बॉल हवेत जितका वेळ राहतो त्याला कोच काहीतरी इंग्रजी म्हणायचे, तू मुक्काम म्हणायचास. "लांब मारनारे लय हायत. मुक्काम पाहिजे. मी बॉल वर ठेवतो, तवर तू पोच." माझं अर्धं काम ते होतं. बॉल तुला दिला की धावत सुटायचं आणि समोरचा तो झेलतो त्या क्षणी त्याच्या अंगावर असायचं. मी धावताना मोजायचो, एक, दोन, तीन, चार. चार होईपर्यंत तुझा बॉल वरच असायचा. मी जाडा, छोट्या पायांचा, लोखंड उचलणारा माणूस. मी कुठे वेळेवर पोचलो असेन तर तो बॉल तू वर ठेवलास म्हणून.

आता तो सामना.

आपल्या करारात लिहिलं होतं, हंगाम चालू असताना दुसरं काम करायचं नाही. तू मला तो कागद वाचून दाखवला होतास, बोट ठेवून. पण लीग किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता, आणि टोळीतली जागा गेली की गेली, दुसरा माणूस उभाच असतो. शेवटच्या सामन्याच्या सकाळी मुकादमाचा निरोप आला. एक गाडी आहे, माणूस कमी आहे, आलास तर जागा तुझी, नाहीतर बदलीवाल्याची. मी गेलो. एकच गाडी तर आहे, म्हटलं, दुपारपर्यंत मोकळा होईन. त्या गाडीत बंडल आणि ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या मध्ये माझं उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं. नख काळं पडलं, पेर सुजलं. मी त्यावर पांढरी पट्टी गुंडाळली आणि मैदानावर आलो.

तू विचारलंस, "कुटं होतास सकाळपासनं?"

"देवाला गेलो होतो."

"टिला कुटंय कपालावर?"

"घामाने गेला."

तू माझ्याकडे बघितलंस. मग माझ्या हाताकडे. सामन्याला आपण सगळेच बोटांना पट्ट्या बांधायचो.  ते बघणं मी अजून सोडवतोय, दादा.

शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि आपण पुढे होतो. तीन डाव फसले, तुला बोलावलं. मी वाकलो, पायांतून बघितलं. तू बोटं हलवलीस. बॉल माझ्या हातातून सुटताना त्या बोटात कळ आली आणि मला तेव्हाच कळलं. बॉल उंच गेला, तुझ्या डाव्या खांद्याच्या वरून. मी धावलोच नाही, वाकलेलाच बघत राहिलो. तू उडी मारलीस. तुझ्या बोटांच्या टोकांना तो लागला, फक्त टोकांना. मग तो टोकदार बॉल जसा उडतो तसा कुठेही उडाला. तू त्याच्या मागे धावलास, उचललास, मारायला गेलास, तोवर समोरचे दोघं तुझ्या अंगावर होते. त्यांनी गोल केला. आपण हरलो.

कोचनी सगळ्यांना गोल करून बसवलं. इंग्रजीत विचारलं, काय झालं? कुणाचं? मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, दादा, देवाशपथ. पण आवाज यायच्या आधी तुझा हात वर गेला. "माय मिस्टेक, सर. हात में आया था." कोच तुझ्याकडे बघत राहिले. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या हंगामाला तुला बोलावणं आलं नाही. मला आलं. मागे बरोबर बॉल देणारे कमी असतात, म्हणाले. तुझ्या जागी दुसरा एक मुलगा आला, चांगला होता. मी त्याच्या पोटात बॉल दिले, सगळेच्या सगळे, एकही चुकला नाही. आणि तू लहानग्या श्रेयाला खांद्यावर घेऊन माझा सामना बघायला आलास आणि ओरडलास, "शाब्बास बाल्या!" त्या दिवशी मी आंघोळीच्या नळाखाली बसून राहिलो होतो. मग लीग बंद झाली. मी परत टोळीत आलो आणि तू जासईला मशीनवर गेलास. तुझी अख्खी कारकीर्द म्हणजे तो एक हंगाम.

त्यानंतर बारा वर्षं मी तुझ्याकडे जेवलो. प्रत्येक वेळी यायचो ते आज सांगू असं ठरवून. वहिनी वाढायच्या, तू काहीतरी चेष्टा काढायचास, आणि जेवण संपायचं. तू मुद्दाम हात वर केलास, की तुला खरंच वाटलं की तुझ्याच बोटांतून सुटला? हे एवढं विचारायचं होतं. तुला माहीत असेल तर मी तुझा केवढा देणेकरी आहे ते मला कळलं असतं. माहीत नसेल तर तू बारा वर्षं स्वतःला दोष देत राहिलास, आणि ते त्याहून वाईट. म्हणून विचारलंच नाही. माझी सगळी भीती अशीच असते, तुला ठाऊक आहे. दोन्ही दारं बंद करून मध्ये उभी.

दहाव्याला खाडीच्या काठी सगळे जमलो होतो. पिंड ठेवला. मी मनात ठरवलं होतं, कावळा शिवला नाही की पुढे जायचं, हात जोडायचे आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. माणसाचं काही राहिलं असेल तर कावळा थांबतो, आणि तुझं हेच राहिलं असणार. मी पाठ करून आलो होतो. पण भटजींनी हात काढायच्या आत कावळा आला आणि शिवून गेला. सगळे म्हणाले, "हरेशचा काय राहिलाच नव्हता. सुखी जीव." तुझा भाऊ रडला. मी पाठ केलेलं तसंच तोंडात घेऊन उभा. तू मला तेवढीही सोय ठेवली नाहीस. तुझं काही राहिलं नव्हतं. जे राहिलं होतं ते माझं होतं.

परत येताना नाक्यावर तुझा श्रद्धांजलीचा बॅनर होता. त्यावर "फुटबॉलपटू" लिहून कोपऱ्यात गोल, काळापांढरा बॉल छापला होता. श्रेया तिथे थांबली. दहावीत आहे, पण उंचीने तुझ्या खांद्याला आली होती. म्हणाली, "काका, बॉल पण चुकीचा लावलाय." आणि मग फोन काढून मला दाखवला. बारा सेकंदांचा व्हिडिओ. तुझी उडी, बोटांना लागून उडालेला बॉल, त्याच्या मागे वाकडातिकडा धावणारा तू. कुणीतरी वर हसण्याचा आवाज जोडलाय. मी त्यात नाही. कॅमेरा तुझ्यावर आहे, माझी नुसती पाठ एका कडेला.

"पप्पांचं नाव टाकलं की एवढंच येतं," ती म्हणाली. "दुसरं काहीच येत नाही. शाळेत सगळ्यांनी बघितलाय. काका, तुम्ही तिथे होतात ना? पप्पा घाबरले होते का?"

"ऊन होतं," मी म्हटलं. "डोळ्यावर ऊन आलं असेल."

तिने व्हिडिओ परत लावला. त्यात ढग होते. तिने फोन बंद केला आणि पुढे गेली.

हे ते खोटं. तू घाबरला नव्हतास, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. बापाच्या दहाव्याला त्या मुलीच्या हातात मी तिचा बाप दिला, उन्हाने दिपलेला.

काल बाराव्याला दुपारी मी गेलो. पाहुणे पांगले होते. श्रेया ओट्यावर बसून निवडलेले तांदूळ परत निवडत होती. वहिनी आत होत्या. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, कारण बसलो असतो तर मला पाणी आलं असतं, चहा आला असता, आणि परत राहिलं असतं. सगळं सांगितलं. गाडी, मुकादम, बोट, पट्टी, देवाला गेलो होतो ते. बॉल कुठून गेला ते हाताने दाखवलं. "पोचण्यासारखा नव्हताच तो. दुसरा कुणी असता तर त्याची बोटंसुद्धा लागली नसती. लागली म्हणून तर दिसतं की त्याच्या हातून सुटला."

ती खाली बघत होती. ताटातले तांदूळ बोटाने एका बाजूला नेले, मग दुसऱ्या.

"मग तुम्ही दुसऱ्या वर्षी पण खेळलात."

"हो."

"पप्पा मला घेऊन आले होते. मम्मी सांगते. तुमच्यासाठी ओरडले होते म्हणे."

"हो."

"आणि तुम्ही इथे जेवायला यायचात."

 वहिनी केव्हातरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही. म्हणाल्या, "त्यांना कदी इचारलास?"

"नाही, वहिनी."

"इचारायचा होतास," त्या म्हणाल्या. रागाने नाही. एखाद्याची गाडी चुकल्यावर म्हणतात तसं. आणि आत गेल्या.

मला वाटलं, आता निघावं. या घरात परत यायचं की नाही हे आता या दोघी ठरवतील, माझ्या हातात नाही. मी चपला शोधायला वाकलो तर श्रेया म्हणाली, "थांबा."

तिने ताट बाजूला ठेवलं, हात झटकले आणि फोन काढला. "मला सांगितलंत ते सगळं परत सांगा. मी रेकॉर्ड करते. त्या व्हिडिओखाली टाकणार. ज्यांनी तो बघितलाय ते हा पण बघतील."

दादा, तुला माझी भीती माहीत आहे. टोळीतले बघतील, गावाकडे आई बघेल, भाऊ बघेल. मी म्हटलं, "मला नीट बोलता येणार नाही गं."

"आता बोललात की."

तिने मला भिंतीपाशी उभं केलं. बोट वर धरायला लावलं. ते पेर अजून वाकडं आहे ना, ते दिसलं पाहिजे म्हणाली. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, हरेशदादाला बॉल द्यायचो असं सांगितलं. आणि तुझं नाव तोंडातून गेलं तसा मला हुंदका आला आणि पुढचं बोलताच येईना. तिने फोन खाली केला. मला वाटलं जवळ येईल, काहीतरी म्हणेल. तिचेही डोळे भरले होते. पण आवाज अगदी कोरडा होता.

"काका, रडू नका. तुम्ही रडलात तर सगळे तुम्हालाच बघतील. पप्पांना कोण बघणार?"

मी बाहीने तोंड पुसलं. आतून वहिनींनी गॅस बारीक केल्याचा आवाज आला. श्रेयाने फोन पुन्हा वर धरला, एक पाऊल मागे गेली, आणि म्हणाली,

"हं. बोला."